सुरतेतला नवरा

“हे म्हतारी तुही कोन लागते वं?” टोळीतल्या मोठ्या बाईनं मला विचारलं.

“कोनी नाई,” मी म्हणाले.

ती म्हातारी माझी सासू होती. आमच्या गावाहून खडीच्या कामापर्यंत सकाळभर अनवाणी चालत आली होती आणि निंबाच्या झाडाखालच्या रांजणापाशी उभी होती. माझ्याबद्दल काही विचारण्याआधीच तिनं पाणी मागितलं होतं. मोठ्या बाईनं ओगराळं बुडवलं, पण ओतण्याआधी रीतीप्रमाणे विचारलं, “कोन्या लोकायची वं माय तू?”

“किरिस्ताव हाये,” सासू म्हणाली. कोणी आपल्या गावाचं नाव सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

मोठ्या बाईनं ओगराळ्यातलं पाणी परत रांजणात सोडलं. “तुमचा माठ तिकडं हाये, बाभळीखाली,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाभळीखालचा माठ दुपारपर्यंत कोरडा पडतो हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

तेवढ्यात सासूला मी दिसले. मी खडीच्या ढिगावर हातोडी घेऊन बसले होते. तिनं आधी माझं कपाळ पाहिलं. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. गळ्यात काळी पोत होती. तिचा मुलगा, माझा नवरा, आदल्या पावसाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेला होता. तो श्वासासाठी तडफडत होता तेव्हा आम्ही दोघींनी त्याला दोन बाजूंनी धरलं होतं.

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली, म्हणून मोठ्या बाईनं मला विचारलं आणि मी कोणी नाही म्हणाले. शेजारची एक तरणी पोर हसली. “नवऱ्याची माय असंल वं, सुनंले न्यायले आली!”

“हिचा नवरा तं सुरतेले हाये,” मोठी बाई म्हणाली. “गिरणीत. नाई का वं?”

“हाव,” मी म्हणाले. सासूच्या देखत.

म्हातारीनं पदर पुढं ओढला. “चुकलं माय माहं,” ती मोठ्या बाईला म्हणाली. “मी जिले पाहून राह्यली ते बाई अथी नाई.” आणि ती आली तशी वळून चालायला लागली. बाभळीच्या माठाकडेही गेली नाही. मी हातोडी उचलली आणि खडी फोडायला लागले. शिट्टी होईपर्यंत मी उठले नाही. म्हातारी एवढ्या लांब उगीच येणार नाही, घरी काहीतरी झालं आहे, एवढं समजण्याइतकी अक्कल मला होती. तरी उठले नाही.

हे बहात्तरच्या दुष्काळातलं आहे. आमचं गाव मोताळ्याच्या पलीकडे. गावाबाहेर आमची वस्ती. वस्तीतली बाकी माणसं बौद्ध झाली होती, आम्ही चार घरं किरिस्ताव होतो, माझ्या सासऱ्याच्या बापापासून. गावाच्या लेखी त्यानं काही फरक पडत नव्हता. विहिरीपाशी आमची जागा होती तिथंच राहिली. सरकारच्या सवलती बाकीच्या वस्तीला थोड्याफार मिळायच्या, आम्हाला तुम्ही धर्म बदलला म्हणून नाही मिळायच्या. यावरून वस्तीतले लोक आमची थट्टा करायचे. “तुमचा येशू काय राशन देते काय बे?” म्हणायचे. सासू म्हणायची, “राशन देत नाई. राशन नाई भेटलं तं मंग काय करा, ते सांगते.” मला त्या वेळी हे उत्तर पोकळ वाटायचं. मी चौथी शिकलेली होते आणि ती अंगठा लावणारी, त्यामुळे मला तिच्यापेक्षा जास्त कळतं असं मी धरून चालले होते.

नवरा गेल्यावर घरात तिघी उरलो. सासू, माझी लहान पोर आणि मी. शेत नव्हतंच. पाऊस पडला नाही तेव्हा दुसऱ्यांच्या शेतातली मजुरीही गेली. मग मलकापूरच्या रस्त्याला खडीचं काम निघालं तिथं मी गेले. काम लांब, म्हणून आठवडाभर तिथंच गोणपाटाच्या पालात राहायचं आणि बाजाराच्या आदल्या दिवशी घरी यायचं.

पहिला आठवडा मी बाभळीखाली होते. पाणी बैलगाडीवरच्या टाकीतून यायचं. गाडी आधी निंबाखालचा रांजण भरायची, मग मुकादमाचा माठ, आणि उरलं तर आमच्याकडे. बहुतेक दिवस उरायचं नाही. आमच्याकडच्या बाया ओठ ओले ठेवायला तोंडात बारीक खडा धरायच्या. एक गरवार बाई त्या आठवड्यात चक्कर येऊन पडली. तिला पाणी आणायला कोणी धावलं नाही, कारण आणणार कुठून.

पुढच्या आठवड्यात मी मोताळ्याच्या बाजारातून कुंकवाची पुडी आणि काळी पोत घेतली आणि कामाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं मला कोणी ओळखत नव्हतं, तिथं जाऊन उभी राहिले. मोठ्या बाईनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आमच्यातलीच दिसतं,” ती म्हणाली. मी नाही म्हणाले नाही. मग तिनं नवऱ्याचं विचारलं. कुंकू लावलं की नवरा लागतो. आमच्या भागातली पुष्कळ माणसं तेव्हा सुरतेला जात होती, म्हणून मी त्याला सुरतेला पाठवला.

ती बाई माझ्याशी चांगली वागली. हे लिहिलं पाहिजे. सरकारची सुकडी, कोरडा खाऊ, वाटायची तेव्हा माझा वाटा कमी पडू नये म्हणून ती मुकादमाशी भांडायची. आपल्या भाकरीतला तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवायची. हातोडीनं माझं बोट ठेचलं तेव्हा तिनं पदर फाडून बांधलं. मी ते सगळं घेतलं. रोज सकाळी पालात बसून मनातल्या मनात प्रार्थनाही करायचे, आणि आमेन म्हणून झालं की पुडी उघडून कुंकू लावायचे. देवाला बाहेरचं दिसत नाही, आतलं दिसतं, असं मी स्वतःला सांगत होते.

त्या दिवशी शिट्टी झाल्यावर मी घरी जाते म्हणाले. वाटेत कोरड्या नाल्यात बसून कपाळ वाळूनं घासलं. पाणी नव्हतं. घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. पोर बाजेवर पडली होती, हगवणीनं पार गळून गेली होती. म्हातारी तिच्या शेजारी खाली जमिनीवर पडली होती. तिला ऊन लागलं होतं. चेहरा तांबडालाल आणि ओठांना भेगा. शेजारणीनं दोघींना तांदळाची पेज पाजली होती. सासू कामावर आली होती ती हे सांगायला, की पोर हातची जाते आहे, घरी चल. ते माझ्या टोळीसमोर सांगितलं असतं तर माझं सोंग उघडं पडलं असतं. म्हणून न सांगताच परत गेली.

मी तिच्या पायापाशी बसले. तिनं डोळे उघडले.

“बरा हाये ना तो, सुरतेत?” तिनं विचारलं.

मी तिच्या पायांवरची धूळ पदरानं पुसायला लागले.

“खात-पीत असंल ना बरोबर?” ती म्हणाली. मग तोंड भिंतीकडे केलं.

मी पुष्कळ वर्षं जगले, पुष्कळ ऐकून घेतलं. त्यापेक्षा वाईट मला कोणी काही बोललं नाही.

पोर चार-सहा दिवसांत उठून बसली. म्हातारीही उठली. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, पीठ कुठं आहे, लाकडं आणली का, एवढंच. मी पुन्हा कामावर गेले आणि पुन्हा निंबाखालीच बसले, कुंकू लावून. लिहिताना हात थांबतो, पण तसंच झालं. एकदा बसलेली जागा सोडणं सोपं नसतं, आणि तहान तर रोजचीच होती.

आमच्या किरिस्ताव मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि रस घ्यायचा. पाळक सायकलवर यायचे. आदल्या दिवशी संध्याकाळी समेट असायचा. बाया प्रार्थनेची खोली सारवायच्या, मग सगळे चटयांवर बसायचे आणि पाळक एकेकाला विचारायचे, कोणाविषयी मनात काही आहे का. असलं तर तिथंच सांगायचं, मिटवायचं आणि एकमेकांना सलाम करायचा. ज्याच्या मनात काही उरलं त्यानं दुसऱ्या दिवशी भाकर घ्यायची नाही. एरवी समेटात कोंबडी कोणाच्या अंगणात गेली, कोण कोणाला काय बोललं, असलीच भांडणं निघायची आणि हसत मिटायची.

पाळकांनी मला विचारलं. मी म्हणाले, “काही नाही.” मग सासूला विचारलं.

“हाये,” ती म्हणाली.

“काय आहे, आई?”

“ते सांगायचं माह्याकडं नाई.”

सगळे तिच्याकडे पाहायला लागले, कारण तिच्या मनात काही उरलं असं आजवर कधी झालं नव्हतं. तिनं मान खाली घातली नाही की माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ताट फिरलं. त्या वर्षी गहू नव्हता, म्हणून राशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकर मोडून ताटात ठेवली होती, आणि मनुका उकळून केलेला रस प्याल्यात अगदी तळाला होता. ताट सासूपाशी आलं. तिनं हात न लावता ते पुढं माझ्याकडे सरकवलं. मी भाकर घेतली. खाल्ली. रस प्याले. माझ्या बाजूच्या बाईनं सासूकडे पाहून तोंडाला पदर लावला.

त्यानंतर वस्तीत बोलणं सुरू झालं. पोर आजारी होती, म्हातारीनं देवीला नवस केला असेल, नारळ फोडून आली असेल, म्हणून भाकर घेत नाही. मंडळीतली एक बाई तर चुलीवरचा विस्तव मागायला म्हणून आमच्या घरी आली आणि दारातच म्हणाली, “तुही सासू एवढं शास्त्र बोलते, आन् चोरून देवीपाशी गेली म्हनतात. खरं हाये काय वं?”

म्हातारी आत धान्य निवडत बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. मी म्हणाले, “मले काय मालूम?”

विस्तव घेऊन ती बाई गेली. म्हातारी निवडतच राहिली. सूप आपटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

पुढच्या महिन्यातही तिनं ताट पुढं सरकवलं, आणि मी पुन्हा खाल्लं. त्या रविवारी पाळकांनी बायबलातला तो भाग वाचला, अंगणातल्या विस्तवापाशी शेकत बसलेल्या शिष्यानं आपल्या गुरूला ओळखत नाही म्हटलं, तो. वाचता वाचता त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यांना काही माहीतच नव्हतं. तो शिष्य तरी बाहेर जाऊन रडला. मी घरी जाऊन भाकरी थापल्या.

शेवटी जे झालं ते पोरीमुळे झालं. मी घरी होते. ती अंगणात भातुकली मांडून बसली होती. तिनं ओट्याच्या कडेची तांबडी माती थुंकीत कालवली आणि बोटानं कपाळावर टेकवली. दगडावर दगड आपटायला लागली. शेजारची पोरगी म्हणाली, “तू कोन झाली?”

“मी खडीवरची आई झाली,” ती म्हणाली. “खडीवर माहा बाप जित्ता हाये.”

नाल्यातल्या वाळूनं घासलं तरी माझ्या कपाळावर लाल डाग राहायचा. तो तिनं दर आठवड्याला पाहिला होता. आणि आजीचं सुरतेबद्दलचं बोलणं तिनं बाजेवर पडल्या पडल्या ऐकलं होतं. सासू घरातून बाहेर आली, पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि पोरीचं कपाळ पुसलं. पुसता पुसता एवढंच म्हणाली, “अथी नको. अथी तो मेलेला हाये.”

सोमवारी मी कामावर गेले ती कोरड्या कपाळानं. पोत घरीच ठेवली होती. निंबाखाली बाया बसल्या होत्या. तरणी पोर आधी ओरडली, “अवं, कपाळ काऊन मोकळं? नवरा मेला काय सुरतेत?”

“मागच्या पावसाळ्यात मेला,” मी म्हणाले. “सुरतेत नाई, घरी. त्या दिवशी आली ते म्हतारी माही सासू हाये. आमी किरिस्ताव हाओत.”

मोठ्या बाईनं हातातली हातोडी खाली ठेवली. तिनं माझ्या बोटाला बांधलेल्या चिंधीकडे पाहिलं, तिच्याच लुगड्याची ती. “माही भाकर खाल्ली तू,” ती म्हणाली. “रोज.”

“हाव.”

“मले सांगतलं असतं तं...” पुढं ती काय म्हणणार होती ते तिनं म्हटलं नाही. मला आजही ठाऊक नाही. ती उठली आणि तिनं आणि आणखी एकीनं मिळून रांजण कलता केला. सगळं पाणी जमिनीत गेलं. गाडी सकाळीच येऊन गेली होती. त्या टोळीत अंगावरची पोरं घेऊन आलेल्या बाया होत्या. दिवसभर त्यांना पाणी मिळालं नाही, आणि बाभळीखालच्या माठातून त्या पिणार नव्हत्या. आमच्याकडच्या एका बाईनं मला म्हटलं, “बरं झालं, समजू दे त्यायले तहान काय असते.” मला बरं वाटलं नाही. पाणी त्यांनी ओतलं, त्यांची रीत त्यांच्यापाशी. पण खोटं मी सांगितलं होतं. ती पोरं रडत होती ते बाभळीपर्यंत ऐकू येत होतं.

मोठी बाई पुन्हा माझ्याशी बोलली नाही. काम संपेपर्यंत मी बाभळीखाली राहिले आणि तोंडात खडा धरला.

त्या महिन्याच्या समेटात पाळकांनी मला विचारलं तेव्हा मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कुंकू, सुरत, रांजण, म्हातारी तहानलेली परत गेली ते. दोन वेळा भाकर खाल्ली तेही. विस्तव न्यायला आलेली बाई चटईची काडी मोडत बसली. पाळक तरुण होते, त्यांना काय करावं सुचेना. त्यांनी वडील माणसांना बाजूला बोलावलं, आणि मग सांगितलं की मी चुकले ते कबूल केलं हे बरं केलं, पण ते पुन्हा सांगेपर्यंत मी भोजन घ्यायचं नाही. बरोबरच होतं. मी म्हणाले, “हो.”

मला वाटलं होतं, आता म्हातारी भाकर घेईल. तिच्यावरचा आळ गेला होता. दुसऱ्या दिवशी ताट तिच्यापाशी आलं आणि तिनं ते पुन्हा तसंच सरकवलं. मीही सरकवलं. बाजूची बाई घोटाळली.

घरी जाताना मी विचारलं, “आता काऊन नाई घेतली, आत्याबाई?”

“माफ केलं नाई अजून,” ती म्हणाली. थोडं चालल्यावर म्हणाली, “करून राह्यली.”

तेव्हापासून आम्ही दोघी एकाच चटईवर बसायचो आणि ताट आमच्या समोरून जायचं. दर महिन्याला. लोक बघायचे. कधी कधी मला वाटायचं, उठून जावं, पुन्हा येऊच नये. वस्तीतले म्हणायचेच, या आमच्यात, काय ठेवलं आहे तिथं. मी उठले नाही, कारण म्हातारी उठत नव्हती. माझी श्रद्धा त्या दिवसांत एवढीच होती. प्रार्थनेत मन लागायचं नाही, गाण्यात आवाज फुटायचा नाही. फक्त चटईवरची जागा सोडली नाही. मोठी माणसं विश्वासात वाढण्याविषयी बोलतात तेव्हा मला ती चटई आठवते. वाढले असेन तर तिथंच, आणि मला ते त्या वेळी वाढल्यासारखं वाटलं नव्हतं, लाज वाटत होती.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. ज्वारी खळ्यात आली तेव्हा पाळकांनी मला पुन्हा भोजन घ्यायला सांगितलं. त्या समेटात सासूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “काही नाई आता.” मग माझ्याकडे वळून तिनं सलाम केला. घरच्या सुनेला कोणी सलाम करत नाही. मी केला तेव्हा माझा हात कपाळापर्यंत नीट गेला नाही.

रविवारी ताट आलं. या वेळी पांढऱ्या ज्वारीची भाकर होती. तिनं तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि ताट माझ्यापुढं धरून बसली. मी तुकडा घेईपर्यंत तिनं ते खाली ठेवलं नाही.

“घे लवकर,” ती म्हणाली. “हात दुखते माहा.”

त्या खडीच्या कामावर पडलेली गरवार बाई वाचली नाही. आमच्या घरातल्या तिघी जगलो. म्हातारी, पोर आणि मी.